चारशे आठ फुल्या

६ ऑगस्ट

आत्या,

परवा फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि तुला निम्मंही ऐकू आलं नाही, म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र कपाटात ठेवायला घेतलंय का, असं बाबा विचारतात. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ.

मी नेमकं काय शिकते हे आईला अजून कळलेलं नाही. शेजारी विचारतात तेव्हा ती कधी मला ग्रंथपाल करते, कधी कॉम्प्युटरवाली. दोन्ही अर्धं अर्धं खरं आहे. माहिती कशी ठेवायची म्हणजे हवी तेव्हा हव्या त्या माणसाला सापडेल, हे माहितीशास्त्र. आमच्या मागच्या बॅचमधली एकजण विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागली, एक बँकेत, एक वर्तमानपत्राची जुनी कात्रणं सांभाळते आणि एकजण औषधाच्या कंपनीत गेला. चौघं एकाच बाकावर बसून शिकलेली. म्हणून पुढे काय करणार असं कुणी विचारलं की मी खाली पडलेलं पेन उचलायला वाकते.

पण आता सांगण्यासारखं घडलंय. शेवटच्या सत्रात आम्हाला प्रत्यक्ष काम करावं लागतं. मला एका कंपनीत घेतलंय. जुन्या दवाखान्यांची कागदी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं काम. आणि पहिला दवाखाना कुठला मिळाला असेल? तुझा! तळघरातली तुझी सगळी कार्डं आता इथे माझ्या टेबलावर येणार. फोटोच्या रूपात, पण तुझ्या अक्षरासकट. काम चांगलं झालं तर जानेवारीपासून तिथेच नोकरी. अठ्ठावीस जणांच्या वर्गात अशी संधी तिघांनाच आहे, आणि मला ती हवी आहे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, फार हवी आहे.

तुझी भिंगरी


१७ ऑगस्ट

भिंगरी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला सांग, यंत्र कानात घातलं की सगळं जग शिट्ट्या मारतं. या वयात मला कुणी शिट्ट्या मारायची गरज नाही.

तर तू आहेस होय ती! गेल्या सोमवारी तुमचा मशीनवाला इथे आला. दारातूनच म्हणाला, "काकू, जरा बाजूला." एकतीस वर्षांत रेकॉर्ड रूममध्ये मला बाजूला हो म्हणणारा हा पहिलाच. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा कार्ड हवं असलं की ते दाराशी उभे राहून नंबर सांगायचे.

तुला माहीत आहे का, माझ्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तीही छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपल्याला पुरून टाकलंय. मग सवय झाली. आता एकवीस रॅकांपैकी कुठलं कार्ड कुठे आहे ते डोळे मिटून सांगते. हे मी ऐट म्हणून सांगत नाही. म्हणजे ऐट म्हणूनच सांगते.

आता नवं फर्मान निघालंय. काम संपलं की मी वर चौकशीच्या खिडकीत बसायचं. ऐकू न येणाऱ्या बाईला चौकशीच्या खिडकीत! निवृत्तीला सोळा महिने राहिलेत, तेवढे काढायचे. तुला नोकरी लागो. माझी जागा घेऊनच लागायची असेल तर निदान घरात तरी राहिली.

आत्या


२ सप्टेंबर

आत्या,

रागावलीस. कळलं मला. मी मुद्दाम तुझा दवाखाना मागून घेतला नाही गं, कंपनीने दिला. आणि तुझं अक्षर बघितल्यावर इथे सगळे थक्क झालेत. मशीनला डॉक्टरांचं अक्षर अजिबात वाचता येत नाही, तुझं एका झटक्यात वाचतं.

दोन लाखांवर कार्डं आहेत. त्यात एकाच माणसाची दोन-दोन, तीन-तीन. कार्ड हरवलं की नवं काढायचं आणि मग जुनं सापडायचं, असंच ना? ही दुबार कार्डं एकत्र करायचा नियम मी लिहिते आहे. नाव आणि आडनाव, जन्मसाल आणि पत्ता, ही सगळी जुळली तर माणूस एकच. दोन कार्डांत फरक असेल तर अलीकडच्या तारखेची नोंद खरी धरायची. साधं वाटतं, पण आमच्या गाइडना फार आवडलं. परीक्षेत असं उदाहरण कुणी दिलंच नव्हतं म्हणाले.

आता कामाचं. काही कार्डांवर डाव्या कोपऱ्यात, खाली, पेन्सिलीने बारीकशी फुली आहे. मी मोजल्या, चारशे आठ. ती तू केलीस का? तिचा काही अर्थ आहे का? चित्रं साफ करताना धूळ, डाग, रेघोट्या पुसतात, त्यात तीही जाईल. साफसफाई या महिन्याच्या अखेरीस आहे, त्याआधी कळव.

भिंगरी


११ सप्टेंबर

भिंगरी,

माझं टेबल आज उचलून नेलं. खणातल्या वस्तू एका खोक्यात भरून दाराबाहेर ठेवल्या होत्या. पेन्सिली, शिसं, चष्म्याची जुनी डबी. वरती दुसऱ्याच कुणाचं तरी नाव खोडून माझं लिहिलं होतं.

फुली मीच केली. एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही आणि आता मशीनला जाणून घ्यायचंय. पत्रात चार ओळींत सांगण्यासारखं ते नाही. माझं काम शिकायचं असेल तर ये इथे, चार दिवस माझ्या शेजारी स्टुलावर बस, सगळं सांगते. मलाही कुणी असं पत्र टाकून शिकवलं नव्हतं.

आत्या


२९ सप्टेंबर

आत्या,

यायचं फार मनात होतं. पण पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा, आणि मॅनेजर रोज डोक्यावर बसलेला. शेवटी मी मीटिंगमध्ये सांगितलं की ती फुली रेकॉर्डवाल्या बाईंची खासगी मोजदाद असावी. तू कार्डं मोजताना करत असशील, हो ना? मग पुसून टाकली. चहाचे डागही होते बरं का. तू चहा पिताना काम करतेस हे आता विद्यापीठात सिद्ध झालंय.

आणि ऐक! एकतीस हजार दुबार कार्डं एकत्र झाली. कंपनीने माझा नियम जसाच्या तसा घेतला. जानेवारीचं नेमणूक-पत्र हातात आलंय. बाबांनी ते तीनदा वाचलं, आणि एकदा चष्मा न लावता वाचल्यासारखं केलं. तू खूश हो ना थोडीशी.

भिंगरी


८ ऑक्टोबर

भिंगरी,

खूश आहे. मनापासून लिहिते. तुझ्या बापाला आमच्या घरात पहिल्यांदा नोकरीचं पत्र आलं तेव्हाही तो असाच करत होता.

फुल्या गेल्या तर गेल्या. कार्डं तळघरात आहेतच. गरज पडली तर जिना उतरायला मला अजून पाय आहेत. मी आता चौकशीच्या खिडकीत बसते. लोक काय विचारतात ते ऐकू येत नाही, म्हणून ओठ बघते आणि बहुतेक वेळा "पाचवी खोली" असं सांगते. बहुतेक वेळा ते बरोबर असतं.

आत्या


१९ नोव्हेंबर

भिंगरी,

हे पत्र बसून, एकटीने वाच.

आमच्याकडे येणाऱ्या दोन जावा आहेत. दोघींचं नाव एकच. लग्न होऊन एकाच घरात आल्या, म्हणून आडनावही एकच, पत्ताही एकच. जन्मसाल दोघींनाही नक्की ठाऊक नाही, म्हणून पहिल्या वेळी मीच अंदाजे लिहिलं होतं, दोघींना एकच. थोरली ठणठणीत. धाकटीला पेनिसिलिन चालत नाही. अकरा वर्षांपूर्वी एका इंजेक्शनने ती मरता मरता वाचली होती, आणि ते तिच्या कार्डावर मी लाल शाईने लिहिलेलं आहे.

फुलीचा अर्थ हा. याच नावाचं, याच सालाचं, याच पत्त्याचं आणखी एक माणूस आहे. कार्ड हातात देण्याआधी तोंड बघ आणि एक तरी प्रश्न विचार. एवढंच होतं ते. चार ओळी झाल्या बघ.

मंगळवारी थोरली धाकटीला घेऊन आली. धाकटीला ताप होता, धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. मी खिडकीतून दोघींना ओळखलं. कशी आहेस, असं विचारलंसुद्धा. आणि पाचव्या खोलीत पाठवलं. डॉक्टर नवा होता. त्याने स्क्रीनवर बघितलं. तिथे लिहिलं होतं, कसलीही अ‍ॅलर्जी नाही. ती थोरलीची नोंद, गेल्या वर्षीची, म्हणजे अलीकडची. थोरली बाहेर बाकावर बसली होती. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. स्क्रीनवर लिहिलेलं असल्यावर कोण कशाला विचारेल?

आतून धावपळीचा आवाज आला, तो मला उशिरा कळला. मी तळघरात पळाले, कार्ड आणायला. रॅक रिकामे होते. कार्डं महिन्यापूर्वीच लगद्याला गेली, असं झाडूवाल्याने सांगितलं. मला कुणी कळवलंच नव्हतं. मी वर आले तोवर धाकटी गेली होती. इंजेक्शन दिल्यापासून वीस मिनिटंही झाली नसतील.

तू मला सप्टेंबरमध्ये विचारलं होतंस, भिंगरी. सरळ विचारलं होतंस. आणि माझं टेबल उचलून नेलं म्हणून मी रुसून बसले. तू माझ्याकडे यावंस, माझ्या पायाशी बसून शिकावंस, एवढी हौस होती मला. त्या हौसेपायी एक बाई गेली. मी जेवते आहे, झोपते आहे, याचीच मला लाज वाटते.

आत्या


२७ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र आल्यावर मी ती नोंद काढून बघितली. दोघी मिळून एक झालेल्या आहेत. माझ्या नियमाने, बारा सप्टेंबरला. शेजारी हिरवी खूण आहे, म्हणजे व्यवस्थित जुळल्या. तुझी काहीच चूक नाही. तू विचार करून स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

इथे सगळे म्हणतात की चौकशी होईल, पण ती एक रीत असते. मॅनेजर आणि गाइड दोघांनीही सांगितलंय की आत्ता कुणी कुठे काही लेखी देऊ नये. म्हणून हे पत्रही फार लांबवत नाही.

एक विचारायचं होतं. २ सप्टेंबरचं माझं पत्र, ज्यात मी फुलीबद्दल लिहिलं होतं, ते तुझ्याकडे अजून आहे का? तू जुनी पत्रं ठेवतेस हे ठाऊक आहे मला. त्या एका पत्राचं तसं काही काम नाही. घरात नसलेलंच बरं.

तब्येतीला जप.

भिंगरी


१२ डिसेंबर

भिंगरी,

चौकशी समितीने काल मला बोलावलं. लांब टेबल, पलीकडे तिघेजण. मधल्याने सावकाश, माझ्याकडे तोंड करून वाचलं, म्हणून सगळं समजलं. तांत्रिक टिपण होतं. त्यात लिहिलं होतं, "मूळ कार्डांवर दोन व्यक्तींतील भेद दर्शवणारी कोणतीही खूण आढळली नाही. जन्मसाल अंदाजे नोंदवण्याच्या अभिलेखपालाच्या निष्काळजीपणामुळे सदर प्रकार घडला." कागद माझ्या हातात दिला. खाली तुझी सही होती. आडनाव माझंच, पण हे तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या कार्डांवर काही खूण होती का?" तुझं सप्टेंबरचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. पर्स मांडीवर होती.

मी म्हणाले, नव्हती.

तू रांगायला लागलीस तेव्हापासून तुझं सगळं मी झाकलंय. फुटलेली कपबशी, नापासाचा गणिताचा पेपर. तोंडातून आपोआप गेलं. त्यांनी लिहून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. दारात थोरली उभी होती. तिलाही बोलावलं होतं. ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही तर आम्हाला कध्धी चुकला नव्हता." तिला काही दोष द्यायचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

घरी आल्यावर मला तुझा राग आला. असा राग मला कधी कुणाचा आला नव्हता. माझ्यावर ढकललंस, ते मी सोसेन. पण फुल्या चारशे आठ होत्या, भिंगरी. धाकटी त्यातली एक. बाकीची माणसं आजही दवाखान्यात येताहेत आणि स्क्रीनवर त्यांच्या जागी दुसरंच कुणीतरी आहे. तू सही केलीस तेव्हा हे तुझ्या डोक्यात आलं नाही की आलं आणि सही केलीस?

सोबत यादी आहे. मी रात्रंदिवस आठवून लिहिली. नाव, पत्ता, धंदा, काय आजार, कुणाशी घोटाळा होतो ते. दोनशे बारा जण आठवले. उरलेले एकशे शहाण्णव आठवत नाहीत. डोळ्यांसमोर तोंडं येतात, नावं येत नाहीत. कार्ड समोर असलं की मला सगळं आठवायचं.

तुझं पत्र जाळलेलं नाही. तेही पाकिटात आहे. तुझी वस्तू तुला परत. पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही.

आत्या


२९ डिसेंबर

आत्या,

तुझं पाकीट पाच दिवस माझ्या टेबलावर पालथं पडलं होतं. हे तुला कळावं म्हणून लिहिते. पाच दिवस मी कामावर जात होते, डबा खात होते, आणि ही यादी कुणाला दिसणार नाही असं मनाला सांगत होते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: डोक्यात आलं होतं. आलं आणि मी सही केली. टिपण मॅनेजरने लिहून आणलं होतं. जानेवारी तोंडावर आहे, म्हणाला. मी दुसऱ्यांदा वाचलंही नाही.

सहाव्या दिवशी मी यादी उघडली आणि एकेक नोंद वेगळी करायला बसले. प्रत्येक कार्डाचा मजकूर मागे जपलेला होता, तेवढं एक बरं. नोंद वेगळी केली की कारण लिहावं लागतं. मी दोनशे बारा वेळा लिहिलं, "ही दोन वेगळी माणसं आहेत." पण ते एकशे शहाण्णव मला सापडले नाहीत. फुल्या असलेले फोटो आता नाहीत. जागा अडते म्हणून साफ केल्यावर मूळ फोटो काढून टाका, असं मीच सांगितलं होतं. एकतीस हजारांतले ते नेमके कोण, हे आता जगात कुणालाच माहीत नाही.

मग नोंदी बदलायची माझी कॉम्प्युटरवरची चावी चालू होती तोवर मी एकतीस हजार नोंदींवरची औषधं आणि अ‍ॅलर्जी झाकून टाकली, आणि तिथे लिहिलं, "खात्री नाही. रुग्णाला विचारा." तासाभरात मॅनेजर आला. चावी काढून घेतली. पण दवाखान्याने ते वाक्य तसंच ठेवलंय, कारण तोपर्यंत मी समितीला माझं सप्टेंबरचं पत्र देऊन आले होते. सही मागे घेतली. तू माझ्यासाठी खोटं बोललीस, तेही सांगितलं. तुला पुन्हा बोलावतील. रागाव माझ्यावर. नोकरी गेली. पदवी विद्यापीठाने अडवून ठेवली आहे. गाइड जिन्यात भेटले आणि भिंतीकडे बघत उतरून गेले. नेमणूक-पत्र बाबांनी कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही.

हे सगळं सांगायला मी पत्र लिहिलेलं नाही, आत्या.

नोंदी वेगळ्या करताना तुझ्या यादीतल्या एकशे सत्तेचाळिसाव्या माणसाशी मी थांबले. शिंपी, आणि त्याच्याच इमारतीतला त्याच्याच नावाचा सुतार. सुताराला मधुमेह, शिंप्याला नाही, असं तू लिहिलंयस. शिंपी ऑक्टोबरमध्ये पाय मोडून भरती झाला होता. नोंदीत इन्सुलिन होतं, सुताराचं, सकाळ-संध्याकाळचं. नर्सने ते दोन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. कागदावर लिहिलंय, वय बासष्ट, हृदय बंद पडलं. तारीख एकवीस ऑक्टोबर.

धाकटी जायच्या चार आठवडे आधी. तेव्हा मी नेमणूक-पत्राच्या झेरॉक्स काढत होते.

कुणीही तक्रार केली नाही. समितीला मी काल कळवलं, ते म्हणाले, बघू. त्याच्या घरी अजून कुणाला काही ठाऊक नाही. पत्ता माझ्यापुढे आहे, तुझ्या अक्षरात. बायको आहे, दोन मुली आहेत. आपला माणूस हृदयाने गेला, कुणाचा काही इलाज नव्हता, असं मानून त्या दोन महिने जगताहेत. ते मी त्यांच्याकडून काढून घेणार. नाही घेतलं तर ते टिपणावरच्या सहीसारखंच होईल.

उद्या सकाळी दहाच्या गाडीने निघते. काय बोलायचं ते पाठ करून बघितलं, पण एका वाक्याच्या पुढे जाता येत नाही. तेवढंच घेऊन जाते. "तुमच्या यजमानांना मधुमेह नव्हता. तो मी लिहिला."

भिंगरी